गिरडहून फोन आला नाही

बातमी दुपारी आली. फोनवर वंदनावहिनी होत्या, सुधाकरची बायको. "हे गेले. सकाळी चहा घेतला, अन् खुर्चीतच..."

सुधाकर माझा कॉलेजपासूनचा मित्र. वर्ध्यातल्या एका वैद्यकीय संस्थेचं संगणकांचं जाळं तो सांभाळायचा आणि पिपरी मेघेत राहायचा. संस्थेचं रुग्णालय वर्ध्यात, एक लहान दवाखाना गिरडला. गिरडला काढलेला हृदयाचा आलेख वर्ध्याच्या डॉक्टरांसमोर उघडायचा, तो याच जाळ्यातून. दोन ठिकाणांमध्ये वाटा दोन होत्या. एक समुद्रपूरकडून येणारी जमिनीखालची केबल, दुसरी हिंगणघाटच्या टॉवरवरून. पण माहितीला वाट दाखवणाऱ्या पेटीला, राउटरला, पहिलीच वाट हाताने लिहून दिलेली होती. रस्त्याच्या कामात केबल तुटली की दुसरी वाट रिकामी असूनही राउटर तुटलेल्या वाटेवरच माहिती ढकलत बसे. मग गिरडच्या सिस्टरचा फोन सुधाकरला यायचा आणि तो लॅपटॉप उघडून वाट बदलायचा. मुलीच्या साक्षगंधातही, साखरपुड्याच्या पंगतीतून उठून त्याने हे केलं होतं. वहिनी वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "व्याह्याईले सांगा, नवरीचा बाप गिरडले गेलता म्हणून."

मागच्या हिवाळ्यात त्याच्याच हृदयाचा आलेख बिघडला. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने मला सांगितलं नाही. मी वर्तमानपत्रात, म्हणून मला तो पत्रकार म्हणायचा. एवढंच म्हणाला, "पत्रकार, आता माह्याशिवाय चाललं पाह्यजे ते." त्या आठवड्यात त्याने डायनॅमिक राउटिंगचं काम घेतलं. या पद्धतीत प्रत्येक राउटर आपल्या शेजारी राउटरला ठरावीक वेळाने 'हॅलो' पाठवत राहतो. हॅलो येणं थांबलं, की शेजारी गेला असं धरतो आणि उरलेली वाट स्वतः निवडतो. हे ऐकून वहिनींनी विचारलं होतं, "पेट्या एकमेकीले दिवसभर हॅलो म्हणतात, अन् तुमच्या तोंडातून मले एक शब्द निघत नाई?"

काम अडलं ते त्याच्या स्वभावामुळे. वर्ध्याचा आणि गिरडचा राउटर शेजारी व्हायलाच तयार नव्हते. केबल ठीक, आकडे ठीक. दोन दिवस तो चिडलेला होता. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर हसत बसला होता. गिरडची लाइन कमजोर, म्हणून त्याने तिकडच्या राउटरला हॅलो सावकाश पाठवायला सांगितलं होतं. वर्ध्याच्या राउटरची वेळ जुनीच राहिली. दोन्हीकडची वेळ तंतोतंत जुळल्याशिवाय ते एकमेकांना शेजारी मानत नाहीत.

"मशीनवर दया करून राह्यलो होतो मी," तो म्हणाला.

"माणसावर करा कधी," आतून वहिनींचा आवाज आला.

चाचणीच्या दिवशी मी त्याच्यासोबत रुग्णालयात होतो. फोनवर गिरडच्या सिस्टर होत्या. आलेख उघडा ठेवून त्याने केबल स्वतःच्या हाताने काढली. फोनमधून सिस्टरचा आवाज आला,

"काढली का सर? काढा ना."

"काढली, बाई. कधीचीच."

"इकडं तर काहीच झालं नाई."

"काहीच झालं नाई," तो माझ्याकडे वळून म्हणाला. केबल हातात तशीच होती.

त्यानंतर काही महिने तो होता. फोन कमी झाले, पुढे बंद झाले. तो मात्र फोन उशाशीच ठेवत असे.

परवा पिपरी मेघेला गेलो. त्याचा फोन खिडकीतल्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. वहिनी म्हणाल्या, "इतके दिवस झाले, गिरडहून एक फोन नाई. मले वाटलं, विसरले लोकं ह्यायले."

मग त्यांनी आदल्या दिवशीची गोष्ट सांगितली. गिरडच्या सिस्टर भेटायला आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, मागच्या आठवड्यात समुद्रपूरकडे खोदकामात केबल पुन्हा तुटली. दवाखान्यात कोणालाच कळलं नाही. सकाळपासून आलेख वर्ध्याला जातच होते. दुपारी दुरुस्तीची माणसं आली, तेव्हा कळलं.

"त्याच दिवशी मी फोनकडे पाहून चिडली होती," वहिनी म्हणाल्या. "काऊन वाजत नाई म्हणून."

त्यांनी फोन उचलला, पडदा पदराने पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवला. चार्जर काढला नाही.