माझं सामान

पनवेल स्टेशनच्या दारात एक तिकीट तपासनीस असायचा. नोकरीसाठी मी दर पंधरवड्याला रत्नागिरीची गाडी पकडायचो, त्यामुळे त्याच्या सवयी मला पाठ झाल्या होत्या. कॉलरखाली पांढरा रुमाल, आणि तोंडाआधी माणसाचे पाय बघायचे. बूट दिसले की "या, या." अनवाणी पाय दिसले की "सामान वजनकाट्यावर ठेव. नियम आहे, नियम."

एकदा त्याने एका कातकरी बाईचं गाठोडं अडवलं. तेवढ्यात एका वऱ्हाडाचं लोखंडी कपाट चौघांनी त्याच्यासमोरून आत नेलं. त्यांना तो काहीच बोलला नाही.

"सायेब, भांडी नि पाटाच हाय यात. माजी मानसं गाडीत चढली," बाई रडकुंडीला आली. गाडीची शिट्टी झाली.

माझं डोकं फिरलं. गाठोडं उचलून मी ओरडलो, "हे माझं सामान आहे. करा वजन!"

तो हसून बाजूला झाला. "मग आधी सांगायचं ना, साहेब! जा, गाडी सुटेल."

आम्ही धावत डबा गाठला. स्वतःचंच गाठोडं हातात मिळालं, म्हणून त्या बाईने मला हात जोडले.