कुलूप मशीनला, किल्ली सगळ्यांना

जिथं कॉम्प्युटर मोजके आणि साहेब भरपूर, तिथं किस्से आपोआप साचतात. नव्वदच्या दशकात मी कडेगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होतो, तिथले हे.

आमचे प्रमुख माने साहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. पासवर्डवर त्यांचा भरवसा नव्हता. जुन्या पीसीला पुढं कुलूप असायचं, किल्ली फिरवली की कीबोर्ड बंद. ती किल्ली साहेब कमरेला बांधायचे. एकदा नागपंचमीला ते शिराळ्याला गेले, किल्लीसकट! आमची प्रोग्रॅमर वैशाली कांबळे, सांगलीची बीएस्सी. तिनं शेजारच्या अकाउंट्सच्या पीसीची किल्ली आणून लावली. लागली. मग कळलं, सगळ्या पीसींना एकच किल्ली. साहेबांना सांगितलं तर त्यांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

"म्हंजे गड्या, मी आख्ख्या ऑफिसची किल्ली कमरेला घिऊन हिंडत हुतो," म्हणाले.

*

साहेबांनी दारावर वॉचमन बसवला, तोही माजी फौजी. ओळखपत्राशिवाय कुणाला सोडायचं नाही असा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी साहेबच ओळखपत्र विसरले. वॉचमननं त्यांना आत सोडलं नाही. साहेब घरी जाऊन ओळखपत्र घेऊन आले आणि त्याला सॅल्यूट ठोकला.

*

खरेदी अधिकाऱ्यानं आपल्या पीसीला चालू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड टाकला आणि दिवाळीच्या सुट्टीत विसरला. घरातल्या सगळ्यांची नावं टाईप करून झाली. वैशालीनं पीसीचा डबा उघडला, आतला पासवर्ड जपणारा सेल काढला आणि जेवायला गेली. परत येऊन सेल बसवला, मशीन निमूट चालू. पासवर्ड काय होता, असं त्यानं विचारलं.

"काय म्हाईत. मशीन इसारलं, तुमीबी इसरा."

*

ऊसतोडणीच्या पाळ्या लावणारं युनिक्सचं मोठं मशीन पुण्याच्या इंजिनिअरनं बसवलेलं. मुख्य पासवर्ड फक्त त्याला ठाऊक. गळीत हंगाम तोंडावर आला आणि तो फोनवर म्हणाला, चार दिवसांनी येतो, माझ्याशिवाय ते उघडणार नाही. इकडं तोडणीच्या टोळ्या येऊन बसलेल्या, शेतकरी दारात. माने साहेबांनी वैशालीकडं पाहिलं. "हात घालू का?" तिनं विचारलं. साहेब म्हणाले, "घाल, जबाबदारी माझी."

तिनं मशीन बंद करून चालू केलं आणि सुरू होता होताच मधे थांबवलं. तिथं ते पासवर्ड विचारत नाही, समोर बसलेल्यालाच मालक समजतं. तिनं जुना पासवर्ड पुसला, नवा टाकला. दुपारी पाळ्यांची यादी दारावर लागली, टोळ्या फडात गेल्या.

चौथ्या दिवशी इंजिनिअर आला. मशीनसमोर बसून त्यानं आपला पासवर्ड टाकला. पुन्हा टाकला. मग सावकाश मागं वळून विचारलं, "हे कुणी उघडलं?"

वैशालीनं मान वर न करता त्यालाच विचारलं,

"साहेब, च्या घेणार का?"