घोंगडीखालचा कॉम्प्युटर

आबा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर आईने माझ्या कॉम्प्युटरवर त्यांची घोंगडी टाकली. आम्हा मेंढपाळांत जपायचं म्हणजे घोंगडी टाकायची, मग ते नवं कोकरू असो की तान्हं मूल. पडेगावात तेव्हा आमच्या चहूबाजूंनी बांधकामं चालली होती. पावसाचा पत्ता नव्हता, रस्त्यावरून खडीच्या गाड्या जायच्या आणि दुपारी घरात आलेलं ऊनसुद्धा पिठासारखं पांढरं दिसायचं. धूळ बसू नये म्हणून झाकलं, हे मला पटलं. कॉम्प्युटर चालू असला तरी घोंगडी त्याच्या अंगावरच असायची, फक्त बटणापुरती बाजूला सारलेली.

त्यात आबांचा आवाज होता. दुष्काळात चारा मिळेना म्हणून त्यांनी सगळी मेंढरं लासूर स्टेशनच्या बाजारात विकली आणि मग दिवसभर खाटेवर नुसते बसून राहू लागले. मला ते बघवेना. एका दुपारी मी त्यांच्यापुढे माइक धरला आणि म्हटलं, आबा, मेंढरांना पाण्यावर बोलावता तशी हाक द्या की. लाजत लाजत त्यांनी दिली. त्यांचा आवाज म्हणून तेवढाच आमच्याजवळ उरला होता आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तोच कॉम्प्युटर एक दिवस बिघडला. बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, पंखा घरघरायचा, पडदा उजळू लागायचा आणि सगळं विझून जायचं. लगेच पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. दुकानात नेते म्हटलं तर आई तयार होईना.

"घराबाहेर न्यायचं नाय त्यांना," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. पण ती 'त्याला' नाही, 'त्यांना' म्हणाली होती.

मी वायरी हलवून पाहिल्या, दुसऱ्या बोर्डाला लावून पाहिलं, प्लगच्या पिना खोडरबराने घासल्या. मशीन जागं व्हायचं आणि पुन्हा झोपी जायचं. थोडा वेळ ठेवून बघू म्हणून मी तिथेच फरशीवर आडवी व्हायचे आणि मलाही पेंग यायची. गुंगीत मला माळ दिसायचा, वाळलेलं गवत दिसायचं आणि पुढे चाललेल्या आबांची पाठ. अशाच एका पेंगेत वास आला. लोकर होरपळल्याचा. लहानपणापासून ओळखीचा वास, म्हणून तो स्वप्नातलाच धरून मी पडून राहिले. डोळे उघडले तरी तो गेला नाही.

मी उठून बाजूचा पत्रा काढला. आतल्या पंख्यात आणि त्याखालच्या फटींत घोंगडीची काळी लोकर गच्च बसली होती. बिचारं तापून तापून बंद पडत होतं. मी ती चिमट्याने उपसून काढली. आईने ती टाकू दिली नाही. मांडीवर घेऊन तिचा धागा वळत बसली.

बटण दाबलं. पडदा उजळला आणि या वेळी उजळलेलाच राहिला. आधी मी प्रत काढून घेतली, मग फाईल लावली. आबांची हाक घरभर गेली, लांबलचक, हळूहळू वर चढत जाणारी. हाक संपली, पण रेकॉर्डिंग चालूच होतं. नुसती शांतता आणि आबांचा श्वास. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब जरा," आई म्हणाली. "मेंढरं यायची हायेत अजून."