डॉक्टरीणबाईंना विचारायचं होतं

दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्यात भरपूर बोलत. समोरच्याच्या तोंडात कापसाचा बोळा असेपर्यंत त्यांना कसलीच भीड वाटत नसे. बोळा काढला की त्या गप्प. चार माणसांत बोलायचं म्हटलं की त्यांच्या तोंडचं पाणी पळे.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांच्यासोबत पोहायला शिकवणारी बाई राहायची. तलावाच्या काठावरून ओरडून ओरडून तिचा आवाज असा झाला होता, की तिने घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. दोघींनी संसार थाटून बरीच वर्षं झाली होती. नातेवाईक तिला ‘ताईची मैत्रीण’ म्हणत आणि म्हणताना घड्याळाकडे बघत.

मग बाईला बाईशी, पुरुषाला पुरुषाशी कायद्याने लग्न करता यावं का, यावर सगळीकडे वाद सुरू झाला. डॉक्टरीणबाईंनीही आपल्या परीने प्रचार सुरू केला. दाढ कोरता कोरता त्या मुद्दे मांडत आणि शेवटी विचारत, “पटतंय ना?” पेशंट “आँ” म्हणे. त्या तो होकार धरत.

एकदा कवळीच्या मापाला निवृत्त हेडमास्तर आले. साचा निघाल्यावर त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, “बाई, मला अजिबात पटलेलं नाही. पण तुम्ही विचारलंत तेव्हा माझ्या तोंडात पाव किलो लगदा होता.”

डॉक्टरीणबाई ओशाळल्या.

“रविवारी नगरभवनात जनसुनावणी आहे,” हेडमास्तर म्हणाले. “तिथे येऊन बोला. तिथे सगळ्यांची तोंडं रिकामी असतात.”

डॉक्टरीणबाईंच्या धाकट्या भावाला कुणकुण लागली. त्याचा फोन आला. “ताई, घरात काय करायचं ते करा. चव्हाट्यावर कशाला?”

“घरात करायचं ते करून झालं,” त्या म्हणाल्या.

रविवारी त्या माईकसमोर उभ्या राहिल्या. “परवा गळक्या नळावरून आमचं भांडण झालं,” त्यांनी सुरुवात केली. “अबोला धरला. नुसत्या मैत्रिणी असतो, तर ती उठून आपल्या घरी गेली असती. आमचं घर एकच आहे. म्हणून नळ दुरुस्त करावा लागला.”

हेडमास्तर उठले. “घर आहे, भांडण आहे. मग लग्नावाचून अडलंय कुठे?”

डॉक्टरीणबाईंनी माईक जवळ ओढला. “मला तिला लग्नाचं विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “पण ती हो म्हणाली काय आणि नाही म्हणाली काय, कायद्याला सारखंच. मग विचारू कोणत्या तोंडाने?”

पोहण्याच्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांना हे नवीन होतं. त्या उभ्या राहिल्या. त्यांना माईक लागला नाही.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर निदान तो खरा नकार असेल.”

यावर हेडमास्तर खाली बसले. त्यांचं मत काही बदललं नाही. कवळी न्यायला आले तेव्हा तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जाता जाता मात्र दारात थांबून विचारलं, “मग काय म्हणाल्या त्या?”

“विचार करतेय म्हणते.”

कायद्याचा निर्णयही लांबणीवर पडला. डॉक्टरीणबाई आता दर रविवारी आसपासच्या गावांत बोलायला जातात. दर वेळी आदल्या दिवसापासून त्यांना जेवण जात नाही. गाडी पोहण्याच्या बाई चालवतात. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण सभेला उशीर झालेला त्यांना खपत नाही.