डाव्या पायाची सवय

आलोशियस मिस्त्री एका जागी स्वस्थ बसलाय, असं वसईत कोणी पाहिलं नव्हतं. चर्चमध्ये मिस्सेला बाकावर जेमतेम टेकायचा. फादरचं प्रवचन लांबलं की त्याचा डावा पाय हलू लागे, आणि त्याबरोबर अख्खा बाक. बायको ग्रेसी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरायची. तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यावरून एखादी मोटार गेली की हा उठून दाराशी. "बेअरिंग गेलंय तिचं," एवढं ग्रेसीच्या कानात सांगायला परत यायचा. लोकांच्या पायाला भिंगरी असते. याची सगळी भिंगरी एका डाव्या पायात उतरली होती.

पारनाक्याजवळ त्याचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रे आणि आंब्याच्या फांदीला टांगलेली, इंजिन उचलायची चेनपुली. तरुणपणी तो लिलावात निघालेल्या जुन्या मिलिटरी लॉऱ्यांवर हात काळे करून शिकला होता. गाडीचं दुखणं तो कानाने ओळखायचा, आणि गाडीबद्दल त्याने एकदा शब्द दिला की वसईत त्यावर अपील नव्हतं. हे त्याला चांगलंच ठाऊक होतं, आणि तिथेच सगळी गफलत होती.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. पापडीच्या मार्सेलकडे एक पांढरी अ‍ॅम्बॅसडर होती. केळीची वाडी सांभाळून तो ती लग्नांना, बाप्तिस्म्यांना भाड्याने द्यायचा. गाडीवर ड्रायव्हर होता पाचूबंदरचा फेबियन. कोळ्याचा पोरगा, पण समुद्रावर गेला की उलट्या. बाप, भाऊ, चुलते सगळे दर्यावर्दी, आणि हा होडीच्या कडेला लटकलेला. अख्खं पाचूबंदर त्याला हसायचं. स्टिअरिंग हातात आलं आणि ते हसणं थांबलं. फुलांनी सजवलेली गाडी घेऊन तो कोळीवाड्यातून जायचा तेव्हा त्याची आई थेरेसा सुकत घातलेली मासळी तशीच टाकून रस्त्यावर यायची. ही नोकरी गेली तर पुन्हा होडी, हे त्याला दिसत होतं. म्हणून तो गाडीला लेकरासारखं जपायचा.

आणि नेमकी एका लग्नात त्या गाडीने लाज काढली. नवरी आत, चर्चसमोर बँड आणि पाहुणे ताटकळलेले, आणि वळणावर फेबियनने चौथ्यातून तिसरा गिअर टाकला तर खर्रर्र असा आवाज, की बँडवाल्यांनीही वळून पाहिलं. पोरं खिदळली. मार्सेलचं तोंड पडलं.

दुसऱ्या दिवशी मार्सेल गाडी आणि फेबियन, दोघांना मिस्त्रीसमोर घेऊन आला.

"मिस्त्री, एकच सांग. दोष गाडीत की याच्यात?"

मिस्त्रीसमोर एक इंजिन उघडं पडलं होतं. हात फडक्याला पुसत तो गाडीत बसला. बाजूला फेबियन, मागे मार्सेल. किल्ल्यापर्यंत गाडी नेली, आणली. दुसरा, तिसरा, चौथा, परत तिसरा. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. फेबियन रस्त्याकडे बघतच नव्हता. तो खाली मिस्त्रीच्या पायांकडे बघत होता.

"गाडी ठणठणीत आहे," मिस्त्री उतरता उतरता म्हणाला. "हिला चालवणाऱ्याचा पाय बरा लागतो."

"मिस्त्री, आता मी चालवतो. तुमी बाजूला बसा नि आयका. एकदाच," फेबियन म्हणाला.

"मला बसायला वेळ नाही रे."

खरंच नव्हता. त्याला आयुष्यात कधी बसायला वेळ नव्हता. तो पुन्हा इंजिनात वाकला आणि मार्सेलने तिथल्या तिथे फेबियनच्या हातून किल्ली काढून घेतली. फेबियन पाचूबंदरच्या रस्त्याला चालत निघाला.

मार्सेलने नवा ड्रायव्हर ठेवला, युजीन. कामणच्या रस्त्यावर वर्षानुवर्षं ट्रक हाकलेला गडी. त्याच्या हातात गाडी एकदाही कुरकुरली नाही. मार्सेल भेटेल त्याला सांगत सुटला, "मिस्त्रीने बरोबर नाडी पकडली." मिस्त्रीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. का ते कळत नव्हतं, आणि न कळणं त्याला सोसत नसे. हातातलं काम अर्धवट टाकून तो रस्त्यावर यायचा, पांढरी गाडी दिसली की तिच्यामागे कान लावून उभा राहायचा. गाडी गपचूप निघून जायची.

त्यात एक दिवस ग्रेसी बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आली.

"थेरेसाने मासळी दिली नाही मला. पाटीवर फडकं टाकलं. म्हणाली, माझा पोर होडीत पालथा पडून असतो, पोटात पानी ठरत नाय, तुझ्या नवऱ्याला सांग."

मिस्त्री त्या दिवशी जेवला नाही. पोराचा पाय वाईट तर वाईट, मी काय करू, असं तो भिंतीला सांगत राहिला. भिंतीलाही ते पटलं नसावं.

पुढे काही आठवड्यांनी जॅक सरकला आणि त्याच्या डाव्या पायाची बोटं चेंगरली. पायाला हे थोरलं बँडेज. ग्रेसीने घरी बस म्हटलं. हा लंगडत गॅरेजात. त्याच सुमाराला युजीनने पांढरी गाडी ब्रेक आवळायला आणून सोडली. ब्रेक आवळून मिस्त्री ती चालवून बघायला पापडीच्या दिशेने निघाला. क्लच दाबला की बोटांतून कळ थेट डोक्यात जायची, म्हणून तो पाय मोजूनमापून वापरत होता. तळ्याजवळ आला, वेग कमी केला, क्लच एकदा दाबला आणि चौथ्यातून तिसरा टाकला.

खर्रर्र.

मिस्त्रीने गाडी कडेला घेतली आणि नुसता बसून राहिला.

पुन्हा निघाला. एकदा दाबून, खर्रर्र. मग दात आवळून जुन्या पद्धतीने: दाबला, गिअरचा दांडा मधे आणला, सोडला, थोडा अ‍ॅक्सिलरेटर, पुन्हा दाबला, तिसरा. आवाज नाही. लॉऱ्यांना असाच दोनदा क्लच द्यावा लागे, कारण गिअरबॉक्सच्या आतल्या दोन दातेरी चाकांचा वेग ड्रायव्हरलाच जुळवावा लागायचा. मोटारीत ते काम एक पितळी रिंग करते, सिंक्रो रिंग. ती झिजली असेल तर ज्याचा पाय एकदाच जातो त्याला आवाज येणार. ज्याचा पाय लॉरीवर वाढला, त्याला जन्मात येणार नाही. मिस्त्रीला नाही, युजीनलाही नाही. आपला पाय दोनदा जातो हे मिस्त्रीच्या ध्यानीमनीही नव्हतं. स्वतःचा श्वास कोण मोजतो?

आधी त्याने क्लचवर संशय घेऊन पाहिला. क्लच पुरता सुटत नसता तर रिव्हर्स सगळ्यांआधी ओरडला असता. रिव्हर्स गप्प पडला. मग त्याने गिअरबॉक्सचं तेल काढलं. तेलात पिवळी चमक तरंगत होती. बॉक्स उतरवला, उघडला, तिसऱ्याची रिंग हातात घेतली. चांगल्या रिंगच्या आत बारीक खाचा असतात. गिअरच्या निमुळत्या गळ्यावर ती बसवून दाबली की चावते, आणि तिच्या नि गिअरच्या दातांमध्ये ब्लेडचं पातं जाईल एवढी फट राहते. ही आतून आरशासारखी गुळगुळीत. दाबली तर सरळ घसरून गिअरला टेकली. फटच नाही.

पोराने सांगितलं होतं, बाजूला बसा नि ऐका. मिस्त्रीला स्वतःची इतकी चीड आली की हातातला पाना त्याने आंब्याच्या बुंध्यावर भिरकावला.

मुंबईहून नव्या रिंगा आल्या. तिसऱ्याबरोबर चौथ्याचीही बदलली, दातांची टोकं बघितली, बॉक्स चढवला. मार्सेल आधी कुरकुरला. युजीनच्या हातात बरी चालते तर हा खटाटोप कशाला? मिस्त्री त्याच्यावर असा डाफरला की तो मुकाट मागच्या सीटवर जाऊन बसला. युजीनची अडचण नव्हतीच. नवरीच्या गाडीत मुंगीच्या पावलाने जाणं त्याच्या जिवावर आलं होतं, त्याला त्याचा ट्रकच बरा वाटत होता.

गाडी पाचूबंदरला पोचली तेव्हा होड्या नुकत्याच किनाऱ्याला लागल्या होत्या. फेबियन जाळं ओढत होता. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. मिस्त्री लंगडत वाळूतून गेला आणि सगळ्या कोळीवाड्यादेखत झिजलेली रिंग त्याच्या हातात ठेवली.

"दोष हिच्यात होता. तुझ्यात नव्हता. मी चुकलो."

थेरेसा पाटी घेऊन उभी होती. तिने पाटी खाली ठेवली.

फेबियनने रिंग उलटसुलट करून पाहिली. मग हात धुतले, कपडे बदलून आला आणि स्टिअरिंगवर बसला. या वेळी मिस्त्री बाजूला बसला.

गाडी किल्ल्यावरून पुढे निघाली. गिअर मऊ पडत होते, पण मिस्त्रीच्या कानाला काहीतरी वेगळं लागत होतं. त्याने खाली पाहिलं. फेबियनचा डावा पाय दर गिअरला दोनदा जात होता.

"हे कुठे शिकलास?"

"तुमच्याकडून. त्या दिवशी बगितलं ना, तुमी दोनदा दाबता. होडीत पडून पडून फळीवर पाय मारायची सवय केली." फेबियन समोर बघत बोलत होता. "मला वाटलं, तसंच दाबायचं असतं. मलाच येत नव्हतं."

मिस्त्री त्या पायाकडे बघत राहिला. पारनाका गेला, त्याचं गॅरेज गेलं, तरी त्याने तिकडे पाहिलं नाही.

"एकदाच दाब," शेवटी तो म्हणाला.

"नको, मिस्त्री. आवाज आला तर?"

"नाही येणार. एकदाच दाब."

फेबियनचं धाडस होईना. वळण आलं, पाय दोनदा गेला. पुढचं आलं, पुन्हा दोनदा. पापडीचं तळं दिसू लागलं तेव्हा मिस्त्रीने आपला काळा हात त्याच्या डाव्या गुडघ्यावर ठेवला, ग्रेसी चर्चमध्ये ठेवायची तसाच. फेबियनने क्लच एकदा दाबला आणि डोळे बारीक करून तिसरा टाकला.

काही ऐकू आलं नाही. मागून मार्सेलने विचारलं, "पडला का?"

"पडला," मिस्त्री म्हणाला, आणि हात तसाच ठेवून चर्चपर्यंत बसून राहिला.