वीस मार्चची पुसलेली ओळ

आज वीस मार्च. चारकोपच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळीच दिनविशेष आला. पाच घटना होत्या, पण महाडचं चवदार तळं त्यात नव्हतं. माझी चिडचिड झाली, आणि ती त्या मेसेजवर नव्हती.

सातवीत, गोवंडीच्या शाळेत, याच तारखेला फळ्यावर दिनविशेष लिहायची पाळी माझी होती. पप्पांनी बजावलं होतं, "पहिलं चवदार तळं लिही. तुझे आजोबा तिथं ओंजळीनं पाणी प्यायलेत." मी अगदी वळणदार अक्षरात लिहिलं. बोटं खडूनं पांढरी झाली होती.

बाई आल्या. "सुविचाराला जागा कुठंय गं? एखादी ओळ पूस."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी डस्टर उचललं आणि पहिली ओळ पुसली. खालची ट्युनिशियाच्या स्वातंत्र्याची ओळ तशीच ठेवली. तो देश कुठे आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी पप्पांनी विचारलं, "लिहिलंस ना? वाचलं सगळ्यांनी?"

"हो," मी म्हणाले. ते खूश होऊन शेजारच्या काकांना सांगायला गेले.

बाईंना दोष देऊन पाहिला, वर्षानुवर्षं. जमत नाही. कुठली ओळ पुसायची, ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.