सूचक कोण, हे आधी विचारलं

"अव्यवहार्य म्हणजे? अडचण काय ते तर सांगा, साहेब," नगराध्यक्षा शोभाताईंनी भर सभेत विचारलं. मी उभा. समोर माझाच शेरा. अडचण मलाही माहीत नव्हती.

मी अमरावतीचा; तेव्हा अकोल्याकडच्या एका नगर परिषदेत पाणीपुरवठा अभियंता होतो. प्रस्ताव साधा होता. नळ सुटले की सगळं गाव एकदम पाणी ओढतं, प्रेशर पडतं आणि टेल एंडला, म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला, थेंब पोचत नाही. तर मध्ये एक व्हॉल्व्ह बसवा, दोन्ही भागांना आळीपाळीने पाणी द्या.

आमच्या ऑफिसात प्रस्ताव वाचण्याआधी सूचक, म्हणजे तो मांडणारा, कोण हे विचारायची रीत. टेल एंड विरोधी नेते रशीदभाईंच्या वॉर्डात, म्हणून क्लार्कने अंदाजाने त्यांचंच नाव सांगितलं. सत्ताधाऱ्यांना आवडेल असा शेरा मी न वाचताच ठोकला. प्रस्ताव निघाला ताईंचा.

मी काही बोलायच्या आत रशीदभाई उठले. इंजिनिअरच नाही म्हणतो, म्हणजे ताई आमच्या लोकांना बनवून राहिल्या, असा त्यांचा सूर. मागे त्यांच्याच वॉर्डातल्या बाया रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन बसलेल्या. शेरा नकाराचा, विरोधकही उलटे. प्रस्ताव पडला की उन्हाळाभर या बायांच्या नशिबी टँकर. सोबतचा नकाशा मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिला. व्हॉल्व्ह सहज बसत होता.

"हे काम होते," मी म्हणालो.

"आता ताईचं हाय म्हून होते का?" रशीदभाईंनी विचारलं.

"नाही. तुमचं आहे समजून होत नव्हतं."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रशीदभाई नकाशापाशी आले. मग म्हणाले, "मले फक्त एवढं सांगा, आमच्या गल्लीत पानी चढते का?"

"चढते."

"लिवा मंग. अनुमोदक मी."

पाणी चढलं. मला नोटीस मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. पुढे वरच्या भागातून अर्ज आला: आमचं पाणी कमी वेळ येतं, व्हॉल्व्ह काढा. या खेपेला अर्ज पूर्ण वाचला. मागणीत दम नव्हता. फेटाळली, आणि मगच सह्या पाहिल्या. पहिली माझ्या सासऱ्यांची.

त्या उन्हाळ्यात सासरहून आमरसाचं बोलावणं आलं नाही. निर्णय गुणावरच घ्यावा. आमरस तेवढा आधी खाऊन घ्यावा.